एसेनगेल्दीची लेकरं

शिनारनं आधी त्याचे बूट पाहिले. ताश्कंदमधल्या तिच्या इमारतीची लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधोमध अडकली होती. आत शिनार, तिच्या कडेवर कलिंगड, आणि दाराच्या वरच्या फटीतून दिसत होते ग्रीसनं माखलेले दोन काळे बूट. बूट इकडून तिकडे येरझारा घालत होते आणि बुटांचा मालक लिफ्टच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत होता. कझाकमध्ये! तोही थेट पूर्वेकडच्या हेलात, जो तिनं घर सोडल्यापासून ऐकला नव्हता.

"शिव्या संपल्या असतील तर मला बाहेर काढा," ती कझाकमधूनच ओरडली.

बूट जागच्या जागी थबकले.

"अरे देवा... आत माणूस आहे?"

"माणूस नाही, बाई आहे. आणि एक कलिंगड."

"कुठल्या गावच्या तुम्ही?"

"आधी काढा, मग गाव विचारा!"

"काढतोच आहे हो. पण हात कामात आहेत, तोंड रिकामंच आहे की."

शिनारला हसू आलं. भीती वाटत असताना हसू आलं की राग येतो, तसा तिला रागही आला.

"आयागोझ," ती म्हणाली.

"मी झायसानचा. म्हणजे शेजारी!"

"शेजारी? मधे दिवसभराचा रस्ता आहे."

"परदेशात दिवसभराचा रस्ता म्हणजे भिंतीला भिंत. नैमान?"

"नैमान. तुम्ही?"

"मीही," बूट म्हणाले, आणि मग दोघंही एकदम गप्प झाले.

त्या गप्प होण्यात सगळं आलं. आम्हा कझाकांत जमात कुठली, हा पहिला प्रश्न असतो. दुसरा त्याच्या मागोमाग यायला हवा — कुठल्या शाखेचे, सात पिढ्यांचे बाप म्हणून दाखवा. नैमान लाखांनी आहेत, दोन नैमानांनी लग्न करू नये असं कुणी म्हणत नाही. फक्त सात बाप मोजायचे. दोघांचा सामाईक पूर्वज दोघांच्याही सातांच्या पलीकडे असला, की बार उडवायला मोकळे. एकाच्याही सातांत आला, की ती दोघं भाऊ-बहीण. मग कितीही रडा, गावातलं शेंबडं पोरही तुमच्या बाजूनं उभं राहणार नाही.

तेव्हा दुसरा प्रश्न न विचारणं हे शहाणपणाचं नव्हतं. पण दार उघडलं, बुटांच्या वर एक लाजरा, कानांनी मोठा, हसरा माणूस निघाला, आणि त्यानं आधी तिला नाही, कलिंगडाला हात दिला. अशा माणसाला लगेच सात बाप कोण विचारतं?

मेदेत त्याचं नाव. लिफ्टच्या कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी ताश्कंदला धाडलं होतं. शिनार एका दवाखान्यात कवळ्या बनवायची. त्यानंतर तिच्या इमारतीची लिफ्ट इतक्या वेळा 'तपासावी' लागली, की खालच्या मजल्यावरची म्हातारी म्हणायला लागली, "बाई, ह्या लिफ्टला काय क्षय झालाय का?" शनिवारी दोघं बाजारात जायची. तो टोमॅटो निवडायचा, ती घासाघीस करायची. इथल्या हिरव्या चहाला दोघंही वैतागलेली. दूध घातल्याशिवाय त्याला चहा काय म्हणायचं? घरी आलं की ती पातेलंभर दुधाचा चहा करायची. तो वाटीमागून वाटी रिचवत म्हणायचा, "शिनार, ह्यासाठी मी आणखी दहा लिफ्ट बिघडवीन." ती म्हणायची, "पाय पुसून आत येत जा, मग बघू."

रविवारी झायसानहून फोन यायचा. म्हाताऱ्या सैतखानशी, बाबांशी, मेदेत तासभर हसतखिदळत बोले. मग बोलातदादा फोन घ्यायचा, आणि मेदेतची जीभ अडखळायची. हो. नाही. बरं. ठेवतो.

"वीस वर्षांनी मोठा भाऊ तुझा. नीट बोलावं जरा."

"तो बोलतो का नीट?"

"त्याच्या बायकोशी तरी बोल. वहिनी सारख्या विचारतात तुझं."

"बोलतो की," म्हणत तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा. शिनारनं ते मनाला लावून घेतलं नाही. भावाभावांत काय काय असतं, त्यात आपण कशाला पडा!

असं वरीस उलटलं. एप्रिलमध्ये लागून सुट्ट्या आल्या तेव्हा मेदेत म्हणाला, "बुखाऱ्याला जाऊ या? दोनच दिवस." त्यानं केस कापले होते, नवा शर्ट घेतला होता आणि बोलताना तो दोनदा अडखळला होता. आता एवढ्यावरून न ओळखायला शिनार काही दुधखुळी नव्हती. तो विचारणार. ती हो म्हणणार. आणि हो म्हणण्याआधी तो दुसरा प्रश्न एकदाचा विचारून टाकायचा, हेही तिनं गाडीत बसल्याबसल्या ठरवलं.

अतिथिगृहाची मालकीण मुनीरा आपा. त्यांनी दोघांना आपादमस्तक न्याहाळलं आणि हात पुढे केला.

"लग्नाचा दाखला?"

"अजून नाही," मेदेत म्हणाला.

त्या 'अजून'नं शिनारचे कान तापले.

"अजून नाही तर अजून दोन खोल्या," आपा म्हणाल्या. "अंगणाच्या ह्या टोकाला एक, त्या टोकाला एक. मधे माझी खाट. आणि माझी झोप फार सावध आहे, सांगून ठेवते!"

सकाळी पाऊस भुरभुरत होता. अंगणातल्या तुतीच्या झाडाखाली, पत्र्याच्या छपरात, चौथऱ्यावर नाश्ता मांडला होता. शिनारनं चहाची किटली उघडून पाहिली. हिरवा. तिनं हळूच विचारलं, "आपा, थोडं दूध मिळेल?"

"चहात?" आपांनी असं तोंड केलं, जणू कुणी चहात कांदा मागितला होता.

"दूध मागताहेत म्हणजे आपलीच पोरं!" पलीकडच्या कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला. पांढरीशुभ्र दाढी, मखमली टोपी, हातात काठी. सेमेईकडचे काबदेश आजोबा, दर्ग्याच्या दर्शनाला आलेले. ते वाटी घेऊन सरळ दोघांच्या मधे येऊन बसले. वर म्हणाले, "कुणाची रे तुम्ही?"

"नैमान, आजोबा," मेदेत म्हणाला.

"दोघंही? वा! मग बाप म्हणा पाहू. पोरगी आधी. हल्लीच्या पोरींना येत नाहीत."

शिनारला यायचे. तिच्या आजोबांनी ते गाईचं दूध काढता काढता तिच्याकडून पाठ करून घेतले होते. सातावरच थांबायचं नाही, असा त्यांचा हट्ट. तिनं पाठ ताठ केली. मनात आलं, बरं झालं, विचारायचं तर होतंच. राख्मेत, राख्मेतचा बाप अमुक, त्याचा तमुक, असं करत तिनं सात संपवले आणि आठवाही म्हणून टाकला, "एसेनगेल्दी."

"शाब्बास!" आजोबा म्हणाले. "आता तू रे."

मेदेतनं घसा खाकरला. "सैतखान. सैतखानचा बाप मुकाश. मुकाशचा तोलेगेन..." तो लहान पोरासारखा एका सुरात म्हणत गेला. सहा झाले. आणि सातवं नाव त्याच्या तोंडातून निघालं तेव्हा त्याचा स्वर आपोआप खाली आला.

"...एसेनगेल्दी."

छपरावर पाऊस वाजत होता. आपा दुधाचं भांडं घेऊन आल्या आणि कुणी घेईना म्हणून तशाच उभ्या राहिल्या.

"कुठला एसेनगेल्दी?" आजोबांनी विचारलं. "तिघेजण होते त्या नावाचे."

"लंगडा," मेदेत म्हणाला. "ज्याचं घोडं नदीत वाहून गेलं."

शिनारच्या आजोबांनीही हीच गोष्ट सांगितली होती. तिनं होकारार्थी मान हलवली.

काबदेश आजोबांनी वाटी खाली ठेवली. आवाज मऊ झाला होता, पण डगमगता नव्हता. "पोरी, तुझा तो आठवा, तू सुटलीस. पण ह्याचा सातवा. सातात आला म्हणजे रक्त एकच. तुम्ही दोघं... लेकरांनो, तुम्ही भाऊ-बहीण आहात. बरं झालं वेळेवर कळलं." आणि ते काठी टेकत दर्ग्याला निघून गेले. चांगली माणसं असा घाव घालतात तेव्हा रागावताही येत नाही.

मग दोघं बुखारा हिंडायला निघाली, कारण तिथं बसून राहणं त्याहून वाईट होतं. ओल्या विटांच्या गल्ल्यांतून ती पुढे, तो दोन पावलं मागे. छत्री एकच होती. काल त्या एका छत्रीचं दोघांनाही कौतुक होतं. आज ती मधे धरलेली, आणि दोघांचाही बाहेरचा खांदा भिजलेला.

मेदेत तोंड उघडायचा आणि मिटायचा. घुमटाखालच्या बाजारात शिरल्यावर त्यानं तिसऱ्यांदा तसं केलं तेव्हा ती भडकली.

"बोल ना काहीतरी!"

"काय बोलू?"

"काहीही. म्हण, म्हाताऱ्याला काय कळतंय. म्हण, पळून जाऊ."

"तू येशील?"

"नाही!"

ती येणारच नव्हती. आईबापांच्या तोंडाला काळं फासून ती कुठंही जाणार नव्हती. पण त्यानं म्हणायला काय झालं होतं? वरीसभर दुधाचा चहा प्यायला, आणि एका म्हाताऱ्यानं बोट दाखवताच मान खाली! तिला त्याचा राग आला, लंगड्या एसेनगेल्दीचा आला, त्याच्या वाहून गेलेल्या घोड्याचा आला. एसेनगेल्दीही त्याच्यासोबत वाहून गेला असता तर... पण मग आपणही नसतो, हे लक्षात येऊन ती आणखीच चिडली.

एका दुकानात करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या मांडल्या होत्या. दुकानदार गोड हसला. "घ्या ताई. नवऱ्याला सांगा, एवढी एक कात्री घेऊन द्या म्हणावं."

"नवरा नाही," शिनार म्हणाली. "दादा आहे माझा."

मेदेतचा चेहरा पांढराफटक पडला.

"असं म्हणू नकोस."

"का? सवय करायला हवी ना! दादा. मेदेतदादा. माझ्या लग्नात यायचं हं, दादा, घोडा घेऊन —"

"शिनार, पुरे!" तो इतक्या जोरात ओरडला की दुकानदार मागे सरला. मेदेतनं तिचा हात धरून तिला घुमटाच्या कमानीत नेलं. बाहेर पाऊस कोसळत होता. त्याचा श्वास लागला होता.

"तो शब्द मी जन्मभर चुकीच्या माणसाला वापरत आलोय. आता तू तो मला नको वापरूस."

"म्हणजे?"

"बोलात माझा भाऊ नाही." तो थांबला. "...बाप आहे."

"बोलातदादा? तुझा बाप?" शिनारनं विचारलं.

"मी त्याचं पहिलं पोर. पहिलं नातवंड म्हणून आजीनं मला उचलून आपल्या अंथरुणात घेतलं. आमच्या घराची रीतच ती. आजोबांना बाबा म्हणालो, आजीला आई. बोलात झाला दादा आणि माझी आई झाली... वहिनी. सगळ्या गावाला ठाऊक. मलाही, शाळेत जायला लागल्यापासून. पण कुणी बोलत नाही. बाबांसमोर तर नाहीच नाही."

शिनारच्या डोक्यात आता कुठं उजेड पडला. तिच्या शेजारीही असं एक पोर होतं. वीस वर्षांनी मोठा भाऊ, सारखी विचारपूस करणारी वहिनी... डोळ्यांसमोर होतं सगळं!

"मग तुझे सात बाप —"

"बाबांनी मांडीवर बसवून शिकवले. पहिलं नाव स्वतःचं. मी ते तसंच म्हणत आलो. बोलातला धरलं तर सगळे एकेक पायरी वर सरकतात. एसेनगेल्दी आठवा होतो."

"आठवा," ती पुटपुटली. "माझाही आठवा." आणि मग तिला समजलं. "हे तुला कधी सुचलं?"

तो कोसळत्या पावसाकडे बघायला लागला.

"मेदेत!"

"तिथंच. नाव तोंडातून निघालं तेव्हाच."

"आणि सकाळपासून मला बहीण होऊ दिलंस?" तिनं छत्री मिटून त्याच्या दंडावर हाणली. एकदा. दुसऱ्यांदा. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मी तिथं मरत होते आणि तू मोजत बसला होतास?"

"मोजत नव्हतो गं! बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. रात्र रात्र जागून वाढवलंय मला. त्यांचं नाव बाजूला सारून दुसऱ्याचं म्हणायचं... म्हणजे त्यांना सांगायचं की तुम्ही माझे बाप नव्हे? आणि कुणासाठी? ज्यानं मला एकदाही मुला म्हणून हाक मारली नाही, त्याच्यासाठी?"

"तो कसा मारेल? बापासमोर स्वतःचं पोर उचलून घ्यायचीसुद्धा चोरी असते आपल्याकडे. तू तर त्यांना देऊन टाकलेला. तो कुठल्या तोंडानं मारेल हाक?"

हा विचार मेदेतनं कधी केलाच नसावा. तो कमानीला टेकून उभा राहिला.

शिनारनं डोळे पुसले. आवाज तिनं मुद्दाम कोरडा ठेवला. "हे बघ. तुझा बाप कोण, हे मी कुणाला सांगणार नाही. ते तू सांगायचंस, त्या आजोबांना, तुझ्या घरी, सगळ्यांना. नाही जमलं तर आजच्या गाडीनं आपण परत जाऊ आणि माझ्या इमारतीची लिफ्ट तपासायला दुसरा माणूस पाठव. पण मला तू हवा आहेस, मेदेत. तुझ्या मोठ्या कानांसकट हवा आहेस. हे आताच सांगते, नंतर म्हणू नकोस की सांगितलं नाही."

परतीच्या वाटेवर छत्री त्यानं तिच्या डोक्यावर धरली होती, आणि पूर्ण भिजला होता तो एकटा.

अंगणात काबदेश आजोबा दर्ग्याहून परतून पाय शेकत बसले होते. मुनीरा आपा कणीक मळत होत्या. मेदेत ओल्या कपड्यांनिशी आजोबांसमोर गुडघे टेकून बसला.

"आजोबा, सकाळी माझं चुकलं. पुन्हा म्हणतो."

"म्हण की."

त्यानं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. शिनार खांबाला धरून उभी होती. आपांचे हात परातीत थांबले. तिला वाटलं, संपलं. हा उठणार, माफ करा म्हणणार, आणि संध्याकाळच्या गाडीत आपण समोरासमोर परक्यांसारखे बसणार.

"मेदेत..." तो म्हणाला. स्वतःचंच नाव, जणू दुसऱ्या कुणाचं. "मेदेत, बोलातचा मुलगा. बोलात सैतखानचा. सैतखान मुकाशचा..."

आता त्याचा तो लहान पोराचा सूर नव्हता. एकेक नाव तो उचलून ठेवत होता. आजोबा बोटं मिटत गेले. एक मूठ भरली. दुसऱ्या हाताची तीन बोटं मिटली, आणि शेवटी आला एसेनगेल्दी.

आजोबांनी मिटलेली बोटं पुन्हा उघडून एकेक करत मोजली. मग डोळे बारीक केले. "आठ. आणि सकाळी एक बाप कुठं दडवला होतास?"

"आजोबांच्या मांडीखाली," मेदेत म्हणाला. "मला त्यांनी वाढवलं. मी त्यांना बाबा म्हणतो."

आजोबा दाढी कुरवाळत राहिले. "माझा थोरला नातू," ते हळूच म्हणाले, "मलाच बाबा म्हणतो. मीही त्याला सात बाप माझ्यापासूनच शिकवलेत." ते थोडे खजील झाले होते. "घरी गेलो की ते आधी सुधारायला हवं." आणि मग एकदम काठी आपटून, "बरं, मग मोकळे आहात की तुम्ही! तोंड पाडून काय बसलात? पोरीला विचारलंस का?"

"अजून नाही," मेदेत म्हणाला आणि शिनारकडे वळला. "शिनार, तू माझ्याशी —"

"हो."

"प्रश्न तरी संपू दे!"

"वरीस झालं संपतोय तुझा प्रश्न. हो म्हटलं ना!"

आपांनी कणकेचे हात जोरात एकमेकांवर आपटले. पीठ सगळीकडे उडालं. पण आजोबांनी बोट वर केलं. "थांबा. मुलीच्या घरी बोलणी करायला कोण जाणार? सैतखानला ह्या वयात एवढा रस्ता झेपायचा नाही. लाव बापाला फोन."

मेदेतनं फोन लावला. शिनारनं त्याचा फोनचा हात धरून कान जवळ नेला, आणि पलीकडचं बोलणं तिलाही ऐकू येऊ लागलं.

"मेदेत? आज तर रविवार नाही! सगळं ठीक आहे ना?" बोलातच्या आवाजात काळजी होती.

"ठीक आहे. मी... लग्न करतोय. शिनारशी. आयागोझला तिच्या घरी बोलणी करायला जायचंय. बाबांना जमणार नाही. तुम्ही याल का?"

"येतो ना! येतोच." मग बोलात घुटमळला. "पण तिथं लोक विचारतील. मी कुठल्या नात्यानं येऊ? थोरला भाऊ म्हणून?"

मेदेतनं डोळे मिटले.

"नाही. वरबाप म्हणून या."

पलीकडे भिंतीवर हात टेकल्याचा आवाज आला.

"बाबांना..." बोलातनं विचारलं. "बाबांना काय सांगायचं?"

"मी सांगतो. ते माझे बाबाच आहेत, ते कुठं जात नाहीत. पण वरबाप तुम्ही."

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी आत आलं. दार वाजलं, आणि एका बाईचा आवाज आला, "कोण आहे हो? असे भिंत धरून का उभे आहात? काय झालं?"

"काही नाही," बोलात म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "माझा मुलगा बोलतोय."

मेदेतनं फोन शिनारच्या हातात दिला, आणि सगळ्यांसमोर, पिठानं माखलेल्या त्या अंगणात, दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागला. फोनमध्ये बाईचा आवाज विचारत होता, "मेदेत? बाळा, आहेस ना?" शिनारनं डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

"आहे, आई," ती म्हणाली. "देते त्याला."